शेवाळ खाईल म्हणून पावडर ब्लू टँग आणावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार फुटी टाकी, सम्प (टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी) धरून साधारण तीनशे लिटर खारं पाणी, सुरू करून आठ महिने झालेत. दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी. खडकांवर तपकिरी-हिरवं, केसांसारखं शेवाळ माजलंय. दुकानदार म्हणतो, पावडर ब्लू टँग सोडा, पंधरा दिवसांत खडक स्वच्छ करील. मासा तुम्हाला बघताक्षणी आवडलाय. तर आणू का?

नका आणू. या टाकीत तर नकोच, आणि शेवाळ खावं म्हणून तर कुठल्याच टाकीत नको. मी वीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय. माझ्याकडे सध्या जो पावडर ब्लू आहे तो नऊ वर्षं झाली माझ्यासोबत आहे, पण त्याच्याआधी दोन मासे मी गमावले, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही, सगळं सांगतो.

मासा आपल्याच महासागरातला आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मालदीव, लक्षद्वीप, श्रीलंका, अंदमान समुद्र, ते थेट इंडोनेशियाच्या दक्षिणेला ख्रिसमस बेटापर्यंत त्याचा मुलूख. बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं अकँथ्युरस ल्युकोस्टर्नॉन. ल्युकोस्टर्नॉन म्हणजे पांढऱ्या छातीचा. तोंड काळं, त्याच्या खाली गळ्याशी पांढरा पट्टा, अंग आकाशी, पाठीवरचा पर पिवळाधमक. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, सर्जनच्या सुरीसारखा. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, मासा चिडला की बाहेर येतो. या कुळाला, म्हणजे टँगना, सर्जन मासे म्हणतात ते त्यावरूनच. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची एक खूण आहे. या माशाला जाळीने कधीच पकडू नका, काटा जाळीत अडकतो आणि तो सुटायच्या धडपडीत स्वतःलाच फाडून घेतो. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्या.

आता दुकानदाराच्या म्हणण्याकडे येतो. तो अगदीच खोटं बोलत नाहीये. समुद्रात हे खरं आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय. लक्षद्वीपला कदमतच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लाट फुटते त्याच्या जरा अलीकडे, कमरेएवढ्या पाण्यात मी तोंडाला मास्क लावून पडून होतो. आधी एकच पावडर ब्लू दिसला. त्याने आपला खडक ठरवलेला होता आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला तो हाकलत होता. मग डावीकडून चाळीस-पन्नास जणांचा कळप आला. गुरं डोंगरावरून उतरतात तसे एकामागोमाग एक, सगळ्यांची तोंडं खाली. तिथल्या एका खडकावर छोट्या डॅमसेल माशाने स्वतःसाठी शेवाळाचा मळा राखला होता. एकटादुकटा टँग आला असता तर त्याने त्याला पळवून लावलं असतं. पण पन्नास जणांपुढे तो काय करणार? या बाजूच्या दोघांच्या अंगावर धावून जातो तोवर त्या बाजूने दहा जण चरून मोकळे. मी एकाच माशावर नजर ठेवून मोजत होतो, मिनिटाला वीस-बावीस चावे. असे दिवसभरात हजारो होतात.

त्या चाव्यांनी समुद्रात काय होतं हे जमैकाच्या उदाहरणावरून कळतं. तिथे चराऊ मासे मासेमारीने संपत आले होते, तरी डायडेमा नावाचा लांब काट्यांचा समुद्री अर्चिन शेवाळ खाऊन किल्ला लढवत होता. १९८३-८४ मध्ये एका रोगाने कॅरेबियन समुद्रातले ते अर्चिन झपाट्याने मेले. १९७७ मध्ये जमैकाच्या प्रवाळांचं आच्छादन सुमारे ५२ टक्के होतं आणि मोठ्या शेवाळाचं ४ टक्के. १९९३ पर्यंत प्रवाळ ३ टक्क्यांवर आले आणि शेवाळ ९२ टक्क्यांवर गेलं. आपल्या लक्षद्वीपचं उलट आहे. १९९८ च्या एल निनोत समुद्र तापला आणि तिथले प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. पण तिथला मच्छीमार मुख्यतः बाहेरच्या खोल समुद्रात गळाने टूना पकडतो, प्रवाळांवरचे चराऊ मासे त्याने फारसे मारलेले नव्हते. मेलेल्या सांगाड्यांवर शेवाळाने कब्जा केला नाही आणि नव्या प्रवाळांना बसायला जागा राहिली. पुढे २०१० आणि २०१६ मध्येही त्या प्रवाळांना तापलेल्या पाण्याचे तडाखे बसले, तरी तिथे अजून जे आहे त्यात या माशांचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

मग तुमच्या टाकीत तेच का होणार नाही? कारण समुद्रात माशाने खाल्लेलं जिथल्या तिथे राहत नाही. तो इथे चरतो, तिकडे शेण टाकतो, आणि लाट ते घेऊन जाते. तुमच्या टाकीत त्याने खाल्लेलं शेवाळ टाकीबाहेर जातच नाही. शेवाळ ज्या नायट्रेट-फॉस्फेटवर पोसलंय ते माशाच्या पोटातून पुन्हा त्याच तीनशे लिटरमध्ये येतं. वरचं शेवाळ थोडं कमी झालेलं दिसेल, पण पाण्यातलं खत तेवढंच राहील. उलट वाढेल, कारण आता एक मोठा खाणारा आलाय आणि त्याला तुम्ही बाहेरूनही खायला घालणार आहात.

घालावंच लागेल. तुमच्या खडकांवरचं शेवाळ त्याला आठवडाभरही पुरणार नाही, आणि त्यातलं सगळं तो खाईल असंही नाही. याचे दात बारीक, कडेने कंगोरे असलेले आहेत. खडकावरचं कोवळं, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड शेवाळ तो कातरतो. पॅरटफिश जसा खडकासकट खरवडून वाळू करून टाकतो, तसं हा करत नाही. शेवाळ लांब आणि जून झालं की तोंड लावत नाही. ब्रायोप्सिस हे पिसासारखं हिरवं शेवाळ असेल तर बहुधा नाहीच. लालसर, चिकट, बुडबुडे धरणारा थर असेल तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहे, तो कुठलाच टँग खात नाही. तेव्हा शेवाळ खायला म्हणून आणलेल्या या माशासाठी महिनाभरात तुम्ही शेवाळ विकत आणायला लागाल. माझ्याकडे दिवसातून दोनदा नोरीचा अर्धा-अर्धा ताव क्लिपला लागतो. तीच नोरी जिच्यात जपानी लोक भात गुंडाळतात, फक्त तेल, मीठ, मसाला काही न लावलेली.

जागेचं सांगतो. पावडर ब्लू टाकीत सहज वीत-सव्वा वीत होतो, आणि तो स्थिर बसणारा मासा नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो पोहतच असतो. चार फुटी टाकीत खडक सोडून मोकळी लांबी उरते तीन फूट. तो दोन शेपट्या मारतो आणि काच येते, की वळ. काही आठवड्यांत तो काचेलगत एकच फेरी पुन्हा पुन्हा मारायला लागतो. हे खेळणं नाही, गोठ्यात दाव्याला बांधलेली म्हैस जशी डोलत राहते तसं आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, सुमारे पाचशे लिटर हे माझ्या मते किमान. त्यात हा एकटाच टँग, आणि तोही सगळ्यात शेवटी सोडायचा. आधी सोडलात तर सगळी टाकी त्याची होते आणि मागून आलेल्याला तो जगू देत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. हा मासा लाट फुटते तिथला आहे, तिथल्या पाण्यात हवा घुसळलेली असते. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५-२६ अंशांना जो मासा मजेत असतो तो ३० अंशांना कल्ले जोरजोरात हलवायला लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, टाकी ३० च्या वर जाते. तुम्ही चिलरचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो, आहे का? आणि वीज गेली तर काय? माझा दुसरा पावडर ब्लू पावसाळ्यातल्या एका रात्री गेला. झाड पडून आमच्या भागातली वीज पाच तास नव्हती आणि मी गावाला होतो. क्लाउनफिश जगले, गोबी जगला, हा एकटा गेला. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप टाकीला कायमचा जोडलेला आहे, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. खर्च फार नाही. टँग आणा किंवा न आणा, हा मात्र तुम्ही आजच बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पांढरे ठिपके. पहिला मासा मी यात घालवला. दुकानात तो सुंदर दिसत होता, खातही होता. घरी आणून तासाभरात थेट टाकीत सोडला. चौथ्या दिवशी सकाळी दिवे लावले तर त्याच्या पिवळ्या परावर पाच-सहा कण, रवा चिकटल्यासारखे. संध्याकाळपर्यंत ते नाहीसे झाले आणि मी निश्चिंत झालो. तिथेच मी फसलो. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी, ज्याला आपण सगळे इच म्हणतो. माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस वाढतो, मग माशाला सोडून खाली पडतो आणि खडकावर, वाळूत, काचेवर कोश करून बसतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं वाटतं, पण तो तेव्हा कोशात वाढत असतो. एकेका कोशातून शेकडो पिल्लं निघतात आणि ती पुन्हा त्याच माशावर येतात. समुद्रात त्यांना मासा सापडणं कठीण, तुमच्या टाकीत सापडायला वेळ लागत नाही. दुसऱ्या फेरीत माझ्या माशाच्या सगळ्या अंगावर रवा सांडल्यासारखा झाला होता. तो पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहायचा, श्वासासाठी. बाराव्या दिवशी गेला.

इच सगळ्या माशांना होतो, पण पावडर ब्लूला तो पहिला आणि जोरात होतो. त्याचं कारण मी त्याच्या स्वभावात आणि त्याच्या प्रवासात बघतो. एकटा खडक राखून राहणारा, सतत पोहणारा, भरपूर हवेचा हा मासा पकडल्यापासून तुमच्या हाती येईपर्यंत चार-पाच टाक्या आणि तितक्याच पिशव्या बदलतो, आणि त्या काळात त्याच्या पोटात काही नसतं. शेवाळ खाणाऱ्याची आतडी लांब असतात, त्यांत चारा पचवायला जिवाणूंची वस्ती लागते. या कुळातल्या एका माशाच्या पोटात तर अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा एपुलोपिसियम नावाचा एकपेशीय जीव सापडला होता. १९८५ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा हा एवढा मोठा म्हणजे जिवाणू असूच शकत नाही असं वाटलं होतं, तो जिवाणूच आहे हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. चरणारं जनावर चार दिवस उपाशी राहिलं की त्याचं पोट बिघडतं हे गाय पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. माशाचंही तेच आहे.

म्हणून क्वारंटाइनशिवाय हा मासा घ्यायचाच नाही. वेगळी टाकी, किमान शंभर-सव्वाशे लिटर, खाली वाळू नाही, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला प्रवाळाचा खडक) नाही, लपायला पीव्हीसीचे रुंद तुकडे, आधीच जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. त्यात चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रेणूंत बांधून ठेवलेलं तांबं) २ ते २.५ पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम, तीस दिवस. एकदम पूर्ण मात्रा घालू नका, चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा, नाहीतर टँग खाणं सोडतो. मात्रा रोज मोजा, आणि तुमचं टेस्ट किट चिलेटेड कॉपर मोजतं का ते आधी बघून घ्या. साधं, चिलेट न केलेलं कॉपर याच्या कितीतरी कमी मात्रेत वापरतात, दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळले की मासा मरतो. कॉपर मुख्य टाकीत कधीही घालायचं नाही. तुमची कोळंबी त्याच दिवशी जाईल आणि खडक कॉपर शोषून ठेवतील. कॉपर नको असेल तर दर ७२ तासांनी मासा कोरड्या करून ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचा, बारा दिवसांत चार वेळा. परजीवी कोशात असतानाच आपण मासा उचलतो, म्हणजे त्याला परतायला मासाच मिळत नाही. इचवर ही पद्धत चांगली चालते. व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवीच्या रोगावर चालत नाही, त्याला कॉपरसारखं औषधच लागतं.

तुमच्या टाकीत आधीपासून इच असेल तर क्वारंटाइन करूनही उपयोग नाही. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी माशांविना ठेवावी लागते. मासे पाळणाऱ्यांत ७६ दिवस हा आकडा रूढ आहे, कारण कोशातून ७२ व्या दिवशीसुद्धा पिल्लं निघाल्याची नोंद आहे. लोकांना हे फार वाटतं. मलाही वाटलं होतं, पण तिसऱ्या माशाच्या वेळी मी ते केलं, आणि तोच आज नऊ वर्षं आहे.

खाण्याबद्दल एक-दोन गोष्टी. काही जण पालक उकडून घालतात. मासा तो खातो, पण जमिनीवरच्या पाल्यात त्याला लागतं ते नसतं. नोरी, ग्रॅसिलेरिया (लाल समुद्री शेवाळ), स्पिरुलिना घातलेल्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा थोडं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). नोरीवर जीवनसत्त्व क चे थेंब टाकून पाच मिनिटं मुरू द्या. पोषण कमी पडलं की डोक्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर खड्डे पडायला लागतात. तसे खड्डे लिग्नाइट कार्बनच्या धुळीनेही पडतात, हे २०११ च्या एका प्रयोगात सर्जन माशांवरच दिसलं. तेव्हा कार्बन वापरलात तर आधी खळखळून धुवा. रत्नागिरीच्या खडकांवर दिवाळीनंतर अल्वाची हिरवी पानं मिळतात. स्वच्छ जागेवरची असतील तर मी आणतो, गोड्या पाण्यात बुडवून काढतो, आणि माझा मासा नोरी सोडून तिच्यावर तुटून पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावरची मात्र आणू नका, तिथे सांडपाणी येतं.

मग तुमच्या शेवाळाचं काय? आठ महिन्यांच्या टाकीत हे शेवाळ येतंच, घाबरू नका. त्याचं खत कुठून येतंय ते शोधा. पाणी नळाचं की आरओचं? घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी पुरेसं शुद्ध नसतं, अनेकांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याच्या जवळ हवा, त्यासाठी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लागतं. दोन क्लाउनफिशना दिवसातून एकदा चिमूटभर पुरतं, गोठवलेल्या अन्नाचं वितळलेलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे आठ तासांवर आणा. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या वर असेल तर ते शोषणारं लोहयुक्त माध्यम सम्पमध्ये घाला, पण थोडं थोडं. आणि सम्पमध्ये चीटो शेवाळाचा गोळा लावून त्यावर रात्री दिवा ठेवा. तो वाढला की मूठभर उपटून टाकीबाहेर फेकायचा. खत खऱ्या अर्थाने बाहेर जातं ते असं. चरणारे हवेतच तर पाच-सहा टर्बो गोगलगायी आणा. त्या तुमच्या टाकीच्या मापाच्या आहेत. मासाच हवा असेल तर सगळं स्थिर झाल्यावर टोमिनी टँगचा विचार करता येईल. तो लहान राहतो, त्याचे दात कंगव्यासारखे असतात आणि खडकावरचा बारीक थर तो विंचरून काढतो. पण त्यालाही क्वारंटाइन हवंच.

पावडर ब्लूचा हट्ट मी समजू शकतो. संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा माझा मासा खडकाच्या फटीत शिरतो, त्याचा निळा रंग फिका पडतो आणि एक डोळा माझ्याकडे लावून तो तसाच राहतो. ते बघायला मी अजूनही रोज खुर्ची ओढून बसतो. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या सर्जन माशांच्या कानातल्या खड्यांवरची वलयं मोजली, तेव्हा काही जाती तीस-चाळीस वर्षं जगतात असं दिसलं. आज आणलेला मासा तुमची मुलं कॉलेजात जाईपर्यंत सोबत असू शकतो. तेवढ्या काळासाठी घर बांधायचं तर आधी सहा फुटी टाकी, चिलर आणि क्वारंटाइन उभं करा, वर्षभर चालवा, मग दुकानात जा. गेल्यावर त्याला समोर नोरी खायला लावा. पोट बाजूने आत गेलेलं, कल्ले भराभर हलणारे, किंवा खडकाला अंग घासणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

या शनिवारी जुना टूथब्रश घेऊन बसा, एका हाताने सायफनची नळी धरा आणि खडकावरचं शेवाळ घासत थेट बादलीत ओढा, म्हणजे तुकडे टाकीत पसरणार नाहीत. साठ लिटर पाणी बदला. त्याआधी एका भांड्यात टाकीचं पाणी काढून ठेवा, त्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा, आणि तुम्ही वापरता त्या आरओचा टीडीएसही. हे तीन आकडे मला कळवा, पुढे काय करायचं ते त्यावरून सांगतो.